दंड भरला, पण वायर कुणी पाहिली?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझी मुलगी 19 वर्षांची आहे. तीन वर्षांपासून ती हौशी कार्ट रेसिंग, म्हणजे छोट्या, उघड्या, जमिनीलगतच्या गाड्यांच्या शर्यती, करते आणि रविवारी मी तिचा मेकॅनिक असतो. पीथमपूरच्या एका कारखान्यात 27 वर्षं नोकरी करून फोरमन म्हणून निवृत्त झालो, त्यामुळे पान्हा हातात धरायची सवय आहे. इंदूरच्या मराठी घरांतली बरीच मुलं आता या खेळात उतरली आहेत. त्यांच्या आईवडिलांनी वाचावं म्हणून हे पत्र.

स्पर्धेच्या गेल्या राउंडला सकाळी सात वाजता शर्यतीआधीच्या सुरक्षा तपासणीच्या रांगेत आमचा नंबर लागला. तपासणारा मुलगा तिशीचा असेल. त्याने गुडघ्यावर बसून टॉर्च मारला, ब्रेकच्या पेडलमागे बोट घातलं आणि म्हणाला, "काका, जोडीची वायर सुटलीये."

त्याचं बरोबर होतं. आमच्या वर्गाच्या कार्टला ब्रेक फक्त मागच्या अ‍ॅक्सलवर असतो, एकच डिस्क. पेडलपासून मास्टर सिलिंडरपर्यंत, म्हणजे ब्रेकच्या तेलाला दाब देणाऱ्या पंपापर्यंत, एक दांडी जाते. ती निसटली की पायाखाली काही उरत नाही. म्हणून दांडीच्या जोडीला एक वायर बांधतात, एक गेलं तर दुसऱ्याने ब्रेक लागावा. आंतरराष्ट्रीय नियमांतही ही जोडणी दुहेरी हवी आणि केबल असेल तर ती किमान 1.8 मिलिमीटर जाडीची हवी, असं स्पष्ट आहे. आमच्या वायरचं टोक बारीक चिमट्यातून सरकलं होतं. आदल्या रात्री मी सगळे नटबोल्ट आवळले, चाकांची हवा पाहिली, चेनला तेल दिलं आणि नेमकं हेच माझ्या नजरेतून सुटलं. चूक माझी, मुलीची नाही.

दंड 1000 रुपये. मी लगेच भरला. पावतीवर 'सेफ्टी' एवढंच लिहिलं होतं, कशाबद्दल ते नाही. आणि पावती हातात पडताच त्या मुलाने कार्टवर तपासणी झाल्याचा स्टिकर लावून टाकला. वायर तशीच लोंबत होती.

मी गाडी बाजूला घेतली. मोटरसायकलची क्लच केबल माझ्या डब्यात होती, तिची जाडी व्हर्नियर मापकाने मोजली तर दोन मिलिमीटर भरली. तीच कापून बांधली आणि दोन चिमटे ठोकले. मुलगी म्हणत होती, "बाबा, वॉर्मअपच्या फेऱ्या सुरू होतायत, चला ना." तिला थांबवलं. नंतर कार्ट पुन्हा टेबलापाशी नेली आणि म्हटलं, आता बघून घ्या. "स्टिकर लागलाय ना काका, जा तुम्ही," एवढंच उत्तर मिळालं.

याच वेळी शेजारच्या टेबलावर दुसरी कार्ट उभी होती. तिला जोडीची वायर मुळात नव्हतीच. तिथल्या तपासनीसाने टीमच्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवला, "पुढच्या राउंडला लावून आण," म्हणाला आणि स्टिकर लावला. दंड नाही, कागदावर नोंद नाही.

माझे 1000 रुपये गेले याचं मला दुःख नाही. पण ती कार्ट शर्यतीत माझ्या मुलीच्या बरोबर मागे सुटली. सरळ रस्ता संपतो त्या पहिल्या वळणावर, जिथे सगळे एकदम ब्रेक दाबतात, तिथल्या टायरांच्या भिंतीमागे मी बाराही लॅप, म्हणजे फेऱ्या, उभा होतो. इतर वेळी मुलगी वळण कुठून घेते ते मी बघतो, त्या दिवशी मागच्या कार्टचं पुढचं चाक बघत होतो. काही झालं नाही, देवाची कृपा. पण ती कृपा होती, तपासणी नव्हती.

सुरक्षेचा दंड भरून जर तीच नादुरुस्त गाडी ट्रॅकवर जाणार असेल, तर तो दंड म्हणजे प्रवेशाचं तिकीट झाला. ज्याच्या खिशात आहे त्याने भरावं आणि जावं. हौशी रेसिंगमध्ये कुणी वडिलांच्या पगारातून येतो, कुणी मोठ्या टीमकडून. 1000 रुपये एकाला टायरच्या हप्त्याइतके जड, दुसऱ्याला चहापाण्याइतके हलके. सगळ्यांना सारखा जड पडेल असा दंड एकच: वायर बांधेपर्यंत गाडी हलणार नाही. त्यात वॉर्मअप गेला तर गेला.

कारखान्यात आम्ही हेच करत होतो. मशीनचा गार्ड निघालेला दिसला की लाल टॅग लागायचा आणि ज्याने लावला त्याच्या सहीशिवाय तो निघायचा नाही. मग ऑपरेटर नवखा असो की साहेबांचा लाडका. तेव्हाच्या 1948 च्या कारखाना कायद्याचं 21 वं कलम फिरत्या भागांना आडोसा घालायला सांगायचं. गार्ड काढून मशीन चालवा आणि पाचशे रुपये भरा, असं त्यात कुठेही नव्हतं. कार्टची चेन आणि अ‍ॅक्सल हे फिरते भागच आहेत, आणि चालकाच्या पाठीपासून वीतभर अंतरावर आहेत. हरियाणातल्या पिंजोरला फेब्रुवारी 2018 मध्ये कार्टमध्ये केस अडकून एक बाई दगावली. माझ्या मुलीची वेणी कमरेपर्यंत आहे. ती बालाक्लाव्हाच्या (हेल्मेटखालच्या कापडी टोपीच्या) आत, रेसिंग सूटच्या कॉलरखाली गेली की नाही, हे मी दर वेळी हात लावून बघतो. केस बाहेर दिसल्याबद्दल आमच्याकडे एका राउंडला 200 रुपये दंड झाला, पुढच्याला 500 आणि त्याच्या पुढच्याला नुसतं बोलणं. तीन राउंड, तीन मुली, तीन वेगळे तपासनीस. नियमपत्रकात रकमेचा आकडाच नाही, मग ज्याला जे सुचेल ते तो लावणार.

दंडाला घाबरून माणूस दंडापुरतंच करतो, हेही पाहिलं. एकच रिब प्रोटेक्टर, म्हणजे बरगड्यांचं कवच, रांगेत तिघांच्या अंगावर चढताना मी बघितला आहे. टेबल ओलांडलं की काढून मागच्याला दिला. 2025 च्या ऑगस्टमध्ये आपल्या शहरात हेल्मेटशिवाय पेट्रोल नाही असा आदेश लागू झाला, तेव्हा पंपावर शेजारच्याचं हेल्मेट मागून घेणारे आपण सगळ्यांनीच पाहिले. रेसिंग कार्टला सीटबेल्ट नसतो. वळणावर चालकाच्या बरगड्या सीटच्या कडेवर आदळतात. त्या रांगेतल्या तिसऱ्या मुलाने दिवसभर नुसत्या टी-शर्टवर सूट घातला होता.

तपासणारी मुलं वाईट नाहीत, हे मला मुद्दाम लिहायचं आहे. ती विनामोबदला येतात, उन्हात उभी राहतात, निम्म्या टीम त्यांच्या ओळखीच्या असतात. मित्राला दंड लावणं कुणालाही जड जातं. पण रक्कम आधीच छापलेली असेल तर ती लावणाऱ्याची राहत नाही, कागदाची होते. फॉर्म्युला वनमध्ये सरावाच्या वेळी पिट लेनची (टीमच्या गॅरेजसमोरच्या रस्त्याची) वेगमर्यादा ओलांडली की ताशी प्रत्येक जादा किलोमीटरला 100 युरो आणि कमाल 1000, असा दर वर्षानुवर्षं नियमांत लिहिलेला होता. तिथे नाव बघून घासाघीस होत नाही. तिथेही पंचांचं मंडळ शर्यतीगणिक बदलतं आणि निकालात फरक पडतो म्हणून चालक कुरकुरतात. पण त्यांचा प्रत्येक निर्णय लेखी असतो आणि सगळ्यांना वाचायला मिळतो: काय घडलं, कोणता नियम मोडला, काय ठरवलं, का ठरवलं. 2021 ची ब्राझीलची शर्यत जिंकल्यावर लुईस हॅमिल्टनने ब्राझीलचा झेंडा हातात घेऊन फेरी मारली आणि गाडी थांबायच्या आत सीटचा पट्टा सोडला. दंड झाला 25 हजार युरो, त्यातले 20 हजार स्थगित. सात वेळा जगज्जेता झालेला माणूस, शर्यत जिंकून आलेला, तरी सुटला नाही. आणि एका चुकीसाठी बुडालाही नाही.

ती स्थगितीची युक्ती आपल्याला फार उपयोगी आहे. पहिल्या चुकीचा दंड कागदावर लिहावा पण वसूल करू नये, त्याच हंगामात तीच चूक पुन्हा झाली तर दोन्ही एकदम घ्यावेत. गरीब घरातला मुलगा एका सुटलेल्या चिमट्यासाठी घरी जाणार नाही, आणि निष्काळजी टीमला पुढचा राउंड आठवणीत राहील. दंडाच्या पैशांचा हिशेबही लावावा. माझं मत विचाराल तर त्यातून तपासणीच्या टेबलावर दोन जादा रिब प्रोटेक्टर आणि मानेला आधार देणारे चार नेक कॉलर ठेवावेत, ज्याच्याकडे नाही त्याने दिवसापुरते घ्यावेत.

आयोजकांना मी त्याच संध्याकाळी भेटलो. त्यांनी ऐकून घेतलं, "बघू" म्हणाले. दुसऱ्या टीमविरुद्ध तक्रार करायची आहे का, असंही विचारलं. मी नाही म्हटलं. ती कार्ट चालवणाऱ्या मुलाचा काय दोष? त्याला तर कुणी सांगितलंच नाही की तो 12 लॅप एका दांडीच्या भरवशावर पळाला. मी घरी निघायच्या आधी त्याच्या पेडलला माझ्याकडची उरलेली केबल बांधून दिली. त्याने वाकून नमस्कार केला आणि विचारलं, "अंकल, ये किसलिए होता है?"

पुढचा राउंड दिवाळीनंतर आहे. तोवर दंडाचा तक्ता छापून प्रत्येकाच्या हाती द्यावा, आणि दोष दुरुस्त झाल्याचं पुन्हा पाहून मगच स्टिकर लावावा, एवढी माझी जाहीर विनंती आहे. तपासणीला माणसं कमी पडत असतील तर मी सकाळी सहाला येऊन बसायला तयार आहे. माझ्या मुलीचा वर्ग सोडून कुठल्याही वर्गाच्या टेबलावर बसवा.

आपला,
एका चालक मुलीचा बाप
सुदामानगर, इंदूर