किनाऱ्यावर उतरण्याबद्दल, आई-बाबांना

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, समुद्रातून किनाऱ्यावर सैन्य उतरवण्याची जुनी पद्धत का बदलतात, असं तुम्ही विचारलंत. सगळी अडचण अंतराची आहे.

जहाज जवळ आणलं तर किनाऱ्यावरचं क्षेपणास्त्र त्याला गाठतं. म्हणून ते क्षितिजापलीकडे, २५ सागरी मैलांवर ठेवायचं. पण अमेरिकी मरीनांचं (समुद्रातून उतरून लढणाऱ्या सैन्याचं) पाण्यात आणि जमिनीवर चालणारं जुनं चिलखती वाहन, एएव्ही, पाण्यात ताशी १३ किलोमीटरच जायचं. साडेतीन तास बंद डब्यात, डिझेलच्या वासात हेलकावे खाल्लेला जवान उतरल्यावर काय लढणार? वाहन जुनं असेल तर आत पाणीही शिरतं. ३० जुलै २०२० रोजी कॅलिफोर्नियाजवळच्या सॅन क्लेमेंटे बेटापाशी असंच एक बुडालं, ९ जण गेले. देखभाल कच्ची, सराव अपुरा आणि बाहेर पडायचा हुकूम उशिरा. हे टाळता आलं असतं, म्हणून मनाला फार लागतं.

हवेच्या गादीवर तरंगणारं होव्हरक्राफ्ट ४० नॉटने (ताशी ४० सागरी मैल) तेच अंतर पाऊण तासाच्या आत कापतं, रणगाडाही नेतं. मात्र त्याची रबरी झालर गोळीबारात टिकत नाही, त्यामुळे त्याला हल्ल्याच्या पहिल्या लाटेत पाठवणं धोक्याचं.

आणि किनाऱ्याजवळचा समुद्रतळ पाहिल्याशिवाय काहीच करू नये. नोव्हेंबर १९४३ मध्ये पॅसिफिकमधल्या तारावाला मरीन उतरले, तेव्हा भांगाची, म्हणजे कमी चढणारी, भरती होती. प्रवाळाच्या कड्यावर भरलेल्या होड्यांना पुरेल एवढं पाणीच चढलं नाही. माणसं गोळीबारात कित्येकशे मीटर पाण्यातून चालत गेली. पट्ट्यांवर चालणारी वाहनं मात्र तोच कडा ओलांडून गेली.

आई, जहाज भरण्याची रीत तुला लगेच कळेल: आधी लागणारं शेवटी भरायचं. बुलडोझर शिध्याच्या पेट्यांमागे अडकला, तर वाळूतून वाट निघत नाही आणि मागून येणारी वाहनं पाण्याच्या कडेलाच तुंबतात.

२०२० पासून मरीनांनी आपले सगळे रणगाडे सोडले. आता लहान तुकड्या जहाजविरोधी क्षेपणास्त्रं घेऊन आधीच बेटांवर विखरून ठेवायच्या, असा विचार आहे. तो मला पटतो, पण रसदीचं गणित अजून सुटलेलं दिसत नाही. माणशी रोज १० लिटर धरलं, तरी ७५ जणांना दिवसाला पाऊण टन नुसतं पाणी लागतं. त्यात इंधन आणि एकेक जड क्षेपणास्त्र. हे सगळं धक्का नसलेल्या किनाऱ्यावर, शत्रूच्या नजरेखाली, पुन्हा पुन्हा पोचवायचं. त्यासाठीची लहान जहाजं या कल्पनेच्या बरीच मागून येताहेत.

तुमची,
लेक