सांबारवडी एकट्याने खायची गोष्ट नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परदेशात जाताना सोबत खायला काय न्यावं यावर तुमच्या पुरवणीत वाचलं, छान होतं, पण सगळं स्वतःपुरतंच, ठेपले किती दिवस टिकतात, चिवडा कशात भरायचा. मला म्हणायचंय, तिकडच्या लोकांना करून घालायलाही थोडं न्या नं.

मी आणि माझी बहीण जॉर्जियाला गेलो होतो, तिबिलिसीत एका आजींच्या घरी खोली घेतली. बॅगेत बेसन, खोबऱ्याचा कीस, भिवापुरी मिरचीचं तिखट आणि वायगावची हळद. खसखस मुद्दाम नेली नाही, विमान दुबईला बदलायचं होतं आणि तिथे खसखशीवर बंदी आहे, जाणाऱ्यांनी हे नक्की लक्षात ठेवा. तिसऱ्या दिवशी डेझर्टर बाजारात गेलो तर सांबाराच्या हिरव्यागार जुड्या (पुण्यामुंबईकडे कोथिंबीर म्हणतात), वासानेच आपलं नागपूरचं कॉटन मार्केट, म्हणजे भाजीबाजार, आठवला.

संध्याकाळी आजींच्या किचनमध्ये सांबारवडी करायला घेतली. भाषेचा पत्ता नाही, मोबाइलवर ट्रान्सलेट करत चाललं होतं. सारणात खसखस हवी होती म्हटल्यावर त्यांनी अक्रोड काढले, कुटले आणि सरळ त्यात घातले, तिकडे कितीतरी भाज्यांत अक्रोडच असतो, आणि खरं सांगते वडी इतकी खमंग झाली की आता घरीही तशीच करते. मी वडी दुमडत होते तर त्या माझ्या बोटांकडेच बघत होत्या, मग स्वतः कणीक मळून खिंकाली (सारण भरलेला, मोदकासारखा तिकडचा प्रकार) शिकवायला बसल्या, एकेक चुणी पाडत वर गाठ आणायची, खाताना गाठीला धरून उलटी करायची, छोटा घास घेऊन आधी आतला रस्सा ओढायचा, गाठ ताटातच ठेवायची. त्यांच्या मात्सोनी दह्याची कढी केली. शेजारच्या खोलीतली पोलंडची दोन पोरं तिखटाने डोळ्यातून पाणी येत होतं तरी उठली नाहीत, कढी मागून मागून प्यायली.

त्याच शहरात आपल्याकडचा एक ग्रुप भेटला, आठ दिवस रूमचं दार लावून फरसाण खात होते, फार वाईट वाटलं.

निघताना आजींनी उरलेलं तिखट मागून घेतलं. साध्या प्लास्टिकच्या पिशवीत होतं, त्यावर ना नाव ना गाव. भिवापुरी मिरचीला आणि वायगावच्या हळदीला जीआय टॅग (त्या त्या गावच्या मालाची सरकारी ओळख) आहे, मग शंभर-शंभर ग्रॅमची सीलबंद पाकिटं, वर इंग्रजीत नाव आणि आत काय आहे ते, एवढं कोणी केलं तर कस्टमलाही उघड्या पुडीसारखी अडचण येणार नाही आणि कोणाच्या हातात देतानाही बरं वाटेल. इतवारीतल्या मसालेवाल्यांपर्यंत हे पोचावं म्हणून हे पत्र.

आपली एक वाचक,
नागपूर