मिलचा संघ, रणदिवे आणि आपलं कोर्ट

इंदूर,
रविवार, रात्री साडेदहा

तीर्थरूप बाबा आणि सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नका, इथं सगळं ठीक आहे. फोनवर आपलं बोलणं भांडणावर जातं आणि मग दादा मध्ये पडून फोन ठेवून देतो, म्हणून लिहायला बसले. आई, गुडघा कसा आहे? जिना उतरताना वहिनीला हाक मारत जा, एकटी उतरू नकोस. तुळशीला रोज पाणी घालते आहे. शेजारच्या काकू सकाळी पोहे आणून देतात, तेव्हा माझ्या जेवणाची काळजी नको.

बाबा, मंगळवारी तुम्ही म्हणालात, "खेळात पैसा घालणारा एक तर राजा असावा, नाही तर वेडा." ते वाक्य पाच दिवस माझ्या डोक्यातून जात नाही. तुम्ही रागानं बोललात, पण तो राग कुठून आला ते मला ठाऊक आहे.

आधी काय ठरलंय ते नीट सांगते, कारण फोनवर अर्धंच सांगून झालं. मागच्या मैदानावरचा मुलींचा बास्केटबॉल क्लब ज्यांनी इतकी वर्षं चालवला, त्यांच्याच्यानं आता होत नाही. त्यांनी कोर्ट सोडलं की तिथं मॅरेज गार्डन होणार. आम्ही चौघी मैत्रिणींनी ते पुढं चालवायचं ठरवलंय. सरांचं मानधन, कोर्टाचं भाडं, चेंडू, स्पर्धेला जायचं गाडीभाडं. पहिल्या वर्षासाठी मी दीड लाखाची एफडी मोडली आहे. मोडणार नाही, मोडली आहे. हे तुमच्यापासून लपवायचं नव्हतं.

आता राजाचं. हे तर तुम्हीच मला लहानपणी यशवंत क्लबाच्या भिंतीजवळून सायकल नेताना सांगितलंय. १९२३ साली महाराज तुकोजीराव होळकरांनी क्रिकेटपटू सी. के. नायडूंना इंदुरात बोलावलं, आपल्या फौजेत कप्तानाचा हुद्दा दिला. मुश्ताक अली तर इथलेच. १९४४-४५ च्या रणजी अंतिम सामन्यात इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन आपल्या होळकर संघाकडून मुंबईविरुद्ध खेळला, २४९ वर नाबाद राहिला आणि तरी आपण हरलो. मग चार वेळा करंडक इंदुरात आला. ११ हंगामांत १० वेळा अंतिम फेरी! आणि १९५५ नंतर होळकर नावाचा संघच उरला नाही. करंडक आपल्याकडे, मध्य प्रदेशाच्या संघाकडे, परत यायला २०२२ साल उजाडावं लागलं. त्या दिवशी टीव्हीसमोर तुम्ही चष्मा काढून डोळे पुसलेत, ते मी पाहिलंय.

संस्थान गेलं आणि संघ गेला. तुमचंही तेच झालं. मिलचा भोंगा थांबला आणि मिलचा बास्केटबॉलचा संघ गेला. गेटला सील लागलं तेव्हा क्लबरूमच्या कपाटातल्या ढाली आतच राहिल्या, तुमचे कॅनव्हासचे बूटसुद्धा. पगाराची थकबाकी राहिली त्याबद्दल तुम्ही कधी चारचौघांत बोलला नाहीत, पण त्या ढालींबद्दल बोलायचात. मी सहा-सात वर्षांची असेन. तुम्ही संध्याकाळी पाचला तयार होऊन बसायचात आणि जायला मैदान नसायचं.

म्हणून मला एका माणसाबद्दल सांगायचंय. तो राजा नाही आणि वेडाही नाही. विवेक रणदिवे. आडनाव आपलंच आहे, मुंबईत जुहूला वाढलेले. माझ्या कामाशी त्यांचा थेट संबंध आहे म्हणून नाव आधीपासून कानावर होतं, अमेरिकेत त्यांनी बास्केटबॉलचा संघ घेतल्याचं मागाहून कळलं.

अमेरिकेतल्या एमआयटीत प्रवेश मिळाला तेव्हा ते नुकतीच शाळा संपवलेले, सतरा वर्षांचे होते. त्या काळी परदेशी शिकायला डॉलर मिळवायचे तर सरकारची परवानगी लागायची. हा मुलगा रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांच्या कार्यालयाबाहेर ठाण मांडून बसला आणि परवानगी घेऊनच उठला. तिथं इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग, मग हार्वर्डमधून एमबीए. १९८० च्या दशकात त्यांनी कंपनी काढली. त्यांचं काम सांगायचं तर असं: शेअर बाजारातल्या दलालाच्या टेबलावर तेव्हा चार-पाच निरनिराळे पडदे असायचे, भाव एकीकडे, बातम्या दुसरीकडे, आणि त्यानं मान वळवून वळवून बघायचं. रणदिव्यांनी सगळ्या माहितीसाठी एकच वाट केली. ज्याला जे हवं त्यानं ते एकदा सांगून ठेवायचं, मग ते घडताक्षणी त्याच्याकडे येतं. बाबा, तुम्ही 'नई दुनिया' छापखान्यात जाऊन मागत नाही ना, तो सकाळी दारात पडतो. तसंच. आज माझ्या ऑफिसात रोज जे सॉफ्टवेअर चालतं, त्याच्या मुळाशी हाच विचार आहे. ती कंपनी १९९४ साली रॉयटर्स या वृत्तसंस्थेनं घेतली, १९९७ मध्ये रणदिव्यांनी टिबको ही दुसरी कंपनी उभी केली आणि २०१४ मध्ये तीही ४.३ अब्ज डॉलरला विकली गेली. पैशाचं एवढं पुरे.

मला जास्त आवडतं ते मधलं एक. स्वतः कधी बास्केटबॉल खेळले नव्हते, क्रिकेट आणि फुटबॉलवर वाढलेले. तरी स्वतःच्या मुलीच्या संघाला, बारा वर्षांच्या पोरींना, शिकवायला उभे राहिले. त्या मुलींना ना उंची, ना नेम. त्यांना एक गोष्ट खटकली: एका संघानं बास्केट केलं की तो आपल्या अर्ध्या भागात मागं पळतो आणि समोरच्याला आरामात चेंडू पुढं आणू देतो. का? त्यांनी मुलींना सांगितलं, मागं पळायचंच नाही, सगळ्या कोर्टभर तिथल्या तिथं अडवायचं. रेषेबाहेरून चेंडू आत टाकायला ५ सेकंद मिळतात, तेवढ्यात टाकू द्यायचा नाही. टाकलाच तर मधली रेषा ओलांडू द्यायची नाही. (तुमच्या वेळी त्याला १० सेकंद होते, आता आपल्याकडे ८ झालेत.) त्या मुली राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत गेल्या. मी हे आमच्या सरांना सांगितलं. गेल्या शनिवारी त्यांनी अर्धा तास फक्त तेवढंच करून घेतलं. आमच्यातली सगळ्यात बुटकी पोर, जिला चेंडू बास्केटपर्यंत पोचवता येत नाही, तिनं हात पसरून तीन वेळा समोरचीचे ५ सेकंद भरवले. तिसऱ्यांदा शिट्टी वाजली तेव्हा तिनं सरांकडे पाहिलंसुद्धा नाही, सरळ आईकडे पाहिलं. तिची आई जाळीला बोटं अडकवून उभी होती. चार घरचा स्वयंपाक उरकून आलेली, बोटांना हळद तशीच.

तर संघाचं. एनबीए म्हणजे अमेरिकेतली बास्केटबॉलची मोठी लीग. २०१० मध्ये तिथला गोल्डन स्टेट वॉरियर्स हा संघ ४५ कोटी डॉलरला विकला गेला, तेव्हा घेणाऱ्यांमध्ये रणदिवे होते. तिथं सुखानं राहता आलं असतं, कारण तो संघ पुढं किती मोठा झाला ते जगानं पाहिलं. पण २०१३ मध्ये त्याच लीगमधल्या सॅक्रामेंटो किंग्ज या संघाचा प्रश्न आला. सॅक्रामेंटो ही कॅलिफोर्नियाची राजधानी, पण शहर मोठं गजबजलेलं नाही, आणि तेव्हा त्यांचा मोठा संघ हा एकच. बाबा, हा संघ मुळात भटका आहे. रोचेस्टरला सुरू झाला, तिथं १९५१ साली एकदाच एनबीएचा विजेता झाला, मग सिनसिनाटी, मग कॅन्सस सिटी, आणि १९८५ ला सॅक्रामेंटो. आता जुने मालक तो सिॲटलच्या गटाला विकायला निघाले होते. सिॲटलवाल्यांचं दुःखही खोटं नव्हतं, त्यांचा स्वतःचा संघ २००८ मध्ये ओक्लाहोमा सिटीला गेला होता. पण एकाचं दुःख भरायला दुसऱ्याचं घर मोडायचं का? गावचे महापौर केव्हिन जॉन्सन, जे स्वतः एनबीएत खेळलेले, ते गिऱ्हाईक शोधत फिरले. रणदिव्यांनी गट जमवला. सगळ्या संघांच्या मालकांनी मतदान केलं आणि २२ विरुद्ध ८ मतांनी किंग्ज सॅक्रामेंटोतच राहिले. सगळ्या संघाची किंमत धरली गेली ५३ कोटी ४० लाख डॉलर. एकाला दोन संघांत भागीदार राहता येत नाही, म्हणून वॉरियर्समधला हिस्सा त्यांनी सोडला. भारतीय वंशाचे एनबीएचे ते पहिले मुख्य मालक.

तुम्ही विचारलंत, नफा कुठून? तिथं त्याचं गणित पक्कं आहे. संघ ३०च. देशभरच्या टीव्हीचे पैसे सगळ्यांना सारखे वाटले जातात, खेळाडूंच्या पगाराला मर्यादा ठरलेली, आणि संघ हरला तरी त्याची किंमत चढत जाते कारण विकायला दुसरा नसतो. आमचं गणित तसं नाही. आमचे दीड लाख परत येणार नाहीत, आई. हे मी उघड्या डोळ्यांनी करते आहे.

आणि रणदिव्यांना मी देव करून ठेवलेलं नाही. शहराच्या मध्यात त्यांनी नवं स्टेडियम उभं केलं, २०१६ मध्ये उघडलं, सुमारे १७,५०० लोकांचं, सगळी वीज उन्हापासून. पण त्यात पालिकेचेही पंचवीस कोटींवर डॉलर लागले आणि त्यावरून गावात वाद झाले, ते होणारच. खेळात तर त्यांनी चुका केल्या. धीर धरला नाही. माइक मलोन या प्रशिक्षकाला २०१४ मध्ये मधेच काढलं, आणि त्याच माणसानं २०२३ मध्ये डेन्व्हरला विजेतेपद मिळवून दिलं. २०१८ मध्ये नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत दुसऱ्या क्रमांकावर निवडायची संधी असताना लुका डॉन्चिच हा पुढं मोठा ठरलेला खेळाडू हातचा सोडला. प्रशिक्षक येत गेले, जात गेले. त्यांच्या आधीची वर्षं धरून सलग १६ हंगाम बाद फेरी नाही! मला वाटतं, कंपनीत ज्या वेगानं निर्णय घ्यायची सवय लागते, तो वेग मैदानावर चालत नाही. खेळाडू घडायला वेळ लागतो, हे तुम्ही मला कोर्टावर उन्हात उभं करून शिकवलंत.

पण त्या सोळा वर्षांत गाव तिथंच होतं, संघही तिथंच. २०२२-२३ ला ४८ सामने जिंकले आणि बाद फेरीत पोचले. जिंकल्यावर स्टेडियमच्या छतावरून जांभळ्या प्रकाशाचा झोत थेट आकाशात सोडतात. घरात बसलेल्या माणसाला खिडकीतून कळतं की आपण जिंकलो. मी तो व्हिडिओ कितीदा तरी पाहिला आणि दर वेळी मिलचा भोंगा आठवला. तुम्ही सांगायचात, फायनल जिंकून आलात त्या रात्री पाळी सुटायच्या आधीच भोंगा वाजवला होता आणि अख्खी चाळ बाहेर आली होती.

ऑक्टोबर २०१९ मध्ये रणदिवे हाच संघ घेऊन मुंबईत आले, वरळीच्या डोममध्ये. भारतात एनबीएचा तो पहिला सामना. इंडियाना पेसर्सशी जादा वेळेत १३२-१३१ असा एका गुणानं हरले. बघायला शाळेची हजारो मुलं बसवली होती. तुम्हाला आठवतंय का, आपण दोघांनी तो माझ्या लॅपटॉपवर पाहिला होता आणि तुम्ही म्हणाला होतात, "हा रणदिवे पोरं घेऊन आला, हे बरं केलं." तुमचंच वाक्य आहे, बाबा.

तर मी राजा नाही. चार नोकरदार बायका आहोत. जमलं तर तीन वर्षं, नाही तर निदान एक वर्ष ते कोर्ट कोर्ट राहील. तेवढ्यात आणखी कुणी पुढं येईल असं मला मनापासून वाटतं. तुमची परवानगी मागत नाही, पण तुमचा राग मला सोसत नाही.

एक काम आहे. मुलींच्या जर्सी शिवायच्यात. बावीस मुली. मला मिलच्या संघाचाच रंग हवाय. मला गडद हिरवा आणि बाजूला पांढरी पट्टी असा आठवतो, पण दादा म्हणतो निळा होता. तुमची जर्सी माळ्यावरच्या लोखंडी ट्रंकेत आहे, डांबरगोळ्यांत. आई, पाठीवरचा ९ तूच मशीनवर शिवला होतास, तेव्हा तुला पक्कं माहीत असेल. ट्रंकेला कुलूप आहे आणि किल्ली देवघराच्या खणात नाही, मी सगळा खण पालथा घातला. कुठं ठेवलीस ते बाबांकडून फोनवर कळव, म्हणजे त्या निमित्तानं ते माझ्याशी बोलतील. शिंपी गुरुवारपर्यंत थांबतो म्हणालाय.

तुमची,
धाकटी