बेटावरच्या दत्ताला, औशाहून

प्रिय दत्ता,

राम राम.

तुझं पत्र येळवशीच्या, म्हणजे वेळा अमावास्येच्या, आदल्या दिवशी मिळालं. घरात भज्जीसाठी तुरीचे दाणे सोलणं चाललं होतं. आईनं सगळ्यांत आधी विचारलं, दत्ताच्या बेटावर ज्वारी पिकते का? नाही म्हटल्यावर ती थोडा वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, त्याला लिही की काहीतरी दाण्याचं पीक घरापुरतं कर, नुसत्या झाडांवर संसार चालत नाही. तिचा निरोप पहिल्यांदा लिहून टाकला. आता माझं.

अंदमानात रंगतजवळची वहिनींच्या माहेरची जमीन तुम्ही दोघांनी कसायला घेतली, हे वाचून फार आनंद झाला. तू विचारलंस, आधी घर की आधी झाडं? माझं उत्तर आहे, आधी पाणी. मग झाडं. घर सगळ्यांत शेवटी, तोवर सासऱ्यांच्या घरी राहा.

तू म्हणशील, इथं वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, मला पाण्याची कसली काळजी? आपल्या औशाकडं सातशे-आठशे पडला तरी लोक पेढे वाटतात. पण तुझ्याच पत्रात खाली एक ओळ आहे, फेब्रुवारीनंतर सासऱ्यांच्या विहिरीला तळ दिसतो म्हणून. त्या ओळीवर मी अडलो. तुझ्याकडं मेपासून डिसेंबरपर्यंत पाऊस आणि जानेवारी ते एप्रिल कोरडं. उताराची जमीन, आखूड ओढे, आणि समुद्र हाकेवर. पडलेलं पाणी काही तासांत खाऱ्या पाण्यात जाऊन मिळतं. म्हणजे पाऊस आपल्या चौपट असूनही उन्हाळ्यात तुझी गत आपल्यासारखीच. पाऊस किती पडला हे सगळे सांगतात. रानात किती थांबला, हे फार थोडे बघतात. मी शेतात राहायला आल्यापासून जे काही केलं, ते या एकाच गोष्टीभोवती केलं.

एप्रिल २०१६ तुला आठवत असेल. मांजरा धरण कोरडं पडलं आणि मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. टीव्हीवर सगळे त्या गाडीकडं बघत होते. मी त्या दिवशी हिशेब मांडत बसलो होतो. हजार चौरस फुटांच्या एका छतावर आपल्याकडच्या सातशे मिलिमीटर पावसात पासष्ट हजार लिटर पाणी पडतं. आठ घरांच्या छतांवर एका पावसाळ्यात त्या गाडीएवढं पाणी पडून जातं. ते आपण गटारात सोडतो आणि बोअर आठशे फुटांवर नेतो. तुझ्याकडं तेवढ्याच छतावर पावणेतीन लाख लिटरच्या वर पडेल. घराचं छप्पर ठरवताना पन्हाळी आणि टाकी त्याच्यासोबतच ठरव, मागाहून नाही.

आता माझ्या रानातलं सांगतो. वरच्या अंगाला मुरमाड माळ, मध्ये मध्यम काळी, खाली ओढ्याकाठी भारी चिकण, हे तुला माहीत आहे. उताराला आडवे समतल चर काढले, चरांच्या खालच्या काठावर मातीचा भराव, भरावावर शेवरी आणि गवत. खाली शेततळं, तीस मीटर बाय तीस मीटर, खोली तीन मीटर. काठ उतरते धरले तर यात सुमारे बावीस लाख लिटर पाणी बसतं. मुरमात पाणी मुरून जातं म्हणून पाचशे मायक्रॉनचा प्लॅस्टिकचा कागद अंथरला. तळ्याची खरी गळती मात्र वरून असते. मे महिन्यात आपल्या उन्हात रोज साधारण सेंटीमीटरभर पाणी हवेत जातं. तळं भरलेलं असलं तर रोजचे नऊ हजार लिटर, आणि झाडाला थेंबही न मिळता. म्हणून माझं मत असं की तळं पसरट नको. जागा कमी घे, खोल जा, पश्चिमेच्या वाऱ्याला बांबूची दाट रांग लाव. तुझ्याकडं बांबू जोरात येईल.

तिथं चर काढशील तेव्हा एक फरक ध्यानात ठेव. आपण चर काढतो पाणी अडवायला. तुझ्या पावसात सगळंच अडवायला गेलास तर उतार खचून खाली येईल. चराला हलका ढाळ दे, तळात दगड पसर, पाणी चालतं ठेवून तळ्यात ने, आणि तळ्याच्या सांडव्याची जागा सगळ्यांत आधी पक्की कर. झाडांचंही तसंच. आपल्याकडं झाडाभोवती आळं खोलगट असतं. चिकण मातीत तुझ्याकडं तसा खड्डा म्हणजे रांजणच होईल, मुळं त्यात कुजतील. रोप उंचवट्यावर लाव.

घराबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण या बाबतीत आपल्या गावाकडच्या माणसानं बोलायलाच पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, किल्लारीचा भूकंप. तुझ्या आजोळी काय झालं ते मी इथं लिहीत नाही. पण घरं का पडली हे मी नंतर नीट समजून घेतलं. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती, बाहेरून एक थर, आतून एक थर, मध्ये मातीचा आणि गोट्यांचा भरणा, दोन्ही थरांना जोडणारा आरपार दगड नाही. वर माळवद, त्यावर वर्षानुवर्षं टाकलेली पांढरी माती. जमीन हलली, भिंतीचे दोन थर एकमेकांपासून सुटले आणि सगळा भार झोपलेल्या माणसांवर आला. जाड भिंत म्हणजे मजबूत भिंत, ही आपल्या वाडवडलांची समजूत होती. किल्लारीसह आसपासची बावन्न गावं नव्या जागी उठवून बसवावी लागली.

म्हणून मी शेतातलं घर बांधताना जोत्याला, खिडकीखाली, चौकटीवर आणि छताला काँक्रीटचे सलग पट्टे घेतले, कोपऱ्यांत उभ्या सळया सोडल्या. गवंडी म्हणाला, एवढ्याशा घराला कशाला? मी ऐकलं नाही. खर्च वाढला आणि त्याचं मला काहीच वाटत नाही. ओसरी पूर्वेला, पश्चिमेला खिडकीच नाही, स्लॅबवर दर उन्हाळ्यात चुन्याचा हात. दुपारी आत बसवतं.

अंदमान भूकंपाच्या नकाशात सर्वांत धोक्याच्या पट्ट्यात येतं. २६ डिसेंबर २००४ ला भूकंपात आणि त्सुनामीत काय झालं ते वहिनींच्या घरच्यांनी डोळ्यांनी पाहिलंय, मी काय सांगणार! एवढंच म्हणतो, घर हलकं ठेव. उंच जोतं, लाकडी सांगाडा, पत्र्याचं छप्पर, ही तिथली जुनी पद्धत शहाणपणाची आहे. पैसे आले म्हणून स्लॅबच्या मागं लागू नको. वारं छपराला वरून दाबत नाही, खालून उचलतं. त्यामुळं वासा भिंतीला, भिंत जोत्याला, जोतं पायाला लोखंडी पट्टीनं बांधलेलं पाहिजे. खिळ्याऐवजी न गंजणारे स्क्रू वापर. आणि कुणी कितीही स्वस्तात दिली तरी समुद्राची वाळू काँक्रीटला घेऊ नको. त्यातलं मीठ आतली सळई खातं आणि ते बाहेरून दिसत नाही.

आता झाडं. मला इथं सगळ्यांनी मोसंबी लाव म्हणून सांगितलं, जालन्याकडं बघ म्हणाले. मी जालन्याकडंच बघितलं. २०१२-१३ च्या दुष्काळात तिथल्या मोसंबीच्या बागा वाळल्या, लोकांनी पोटच्या पोरासारखी वाढवलेली झाडं सरपणाला तोडली. बाराही महिने पाणी मागणारं झाड मी या रानात लावणार नाही. वरच्या मुरमाडावर सीताफळ लावलं, अंबाजोगाईच्या संशोधन केंद्राकडून माहिती घेऊन बालानगर जातीचं आणि थोडं धारूर-६ जातीचं. मधल्या पट्ट्यात केसर आंबा. बांधावर चिंच, कडुलिंब, एक कवठ. घराजवळ लिंबू, पेरू, शेवगा, कढीपत्ता. शेवग्यानं आधी पैसे दिले, तेवढ्यावर मजुरी भागली.

सीताफळावर माझा जीव आहे. हिवाळ्यात पानं गाळतं, उन्हाळाभर गप्प राहतं, मृगाचा पाऊस पडला की फुटतं आणि दसरा-दिवाळीला फळ देतं. शेळी त्याच्या पानाला तोंड लावत नाही. आपल्या माळाचा स्वभाव त्या झाडाला कळतो. तू मला त्याची रोपं मागितलीस. दत्ता, मी पाठवणार नाही. ज्या गुणांसाठी ते इथं चांगलं, त्याच गुणांमुळं ते तुझ्या पावसात दुखणाईत होईल. त्याच्या भावकीतलं मामफळ तिथं चांगलं येतं, ते लाव. गावची आठवण म्हणून झाड लावायचंच असेल तर अंगणात उंच जागी एखादं चिंचेचं लाव, ते सोसेल.

नारळ-सुपारी तुला तिथले लोक माझ्यापेक्षा चांगलं शिकवतील. मला आवडली ती त्यांची रचना. नारळ साडेसात मीटरवर, म्हणजे हेक्टरी पावणेदोनशेच्या आसपास झाडं, खोडावर मिरीचा वेल, मधल्या सावलीत केळी, अननस, हळद, आलं, पुढं जायफळ. नारळाच्या खड्ड्यात तळाला सोडणं, म्हणजे नारळाच्या काथ्याची सालं, उपडी न घालता उताणी मांडायची, ती कोरड्या महिन्यांत ओल धरून ठेवतात. जायफळाची कलमंच घे. बियांपासूनच्या रोपांत नर किती आणि मादी किती हे फूल आल्यावरच कळतं आणि तोवर कैक वर्षं गेलेली असतात. माती तपासून घे. आपल्याकडं चुनखडीनं पानं पिवळी पडतात, तुझ्याकडची माती आंबट असणार, तिला चुना द्यावा लागेल. श्रीविजयपुरमला, म्हणजे आधीच्या पोर्ट ब्लेअरला, केंद्राची कृषी संशोधन संस्था आहे, तिथं स्वतः जा.

कलम लावताना गड्यावर सोडू नको, स्वतः वाक. मी अजून तसंच करतो. पिशवी वरून ओढून काढायची नाही, ब्लेडनं उभी चिरायची, मातीचा गड्डा तळहातावर घ्यायचा. तळाशी मुळी गोल फिरलेली असली तर तेवढी कापायची. कलमाचा जोड मातीच्या वर चार बोटं राहिलाच पाहिजे. जोडावरची प्लॅस्टिकची पट्टी हळूच सोडवायची, विसरली तर खोड जाड होताना ती गळा आवळते. मग काठी, काठीला सैल सुतळी, आणि दर पंधरवड्याला जोडाखालून फुटलेले खुंटाचे फुटवे नखानं खुडायचे. ते फुटवे फार तजेलदार दिसतात, गडीमाणसाला काढवत नाहीत, आणि दोन वर्षांनी केसरच्या जागी रायवळ उभा राहतो.

गोगलगायींचं लिहिलंस. २०२२ मध्ये आपल्या लातूर-धाराशिव-बीडकडं सोयाबीनवर त्या अशा आल्या की लोकांनी दुबार-तिबार पेरलं. तुझ्याकडची ती मोठी आफ्रिकी जात जपानी लोकांच्या काळात आली म्हणतात. उपाय तोच : सांजच्याला गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून बांधाबांधानं टाकायचं, पहाटे खाली गोळा झालेल्या वेचायच्या आणि मिठाच्या पाण्यात बुडवायच्या. हातमोजे घालून. सगळ्या शेजाऱ्यांनी एकाच आठवड्यात केलं तरच उपयोग. हरणांचा त्रास दोघांनाही सारखाच. तुझ्याकडची चितळं इंग्रजांनी आणून सोडलेली आणि त्यांना खाणारं जनावर नाही. रोपांना पहिली तीन वर्षं जाळी लागेलच. आणि खारी ठिबकच्या नळ्या कुरतडतात, त्यांना तहान लागलेली असते. मी झाडांखाली मातीची पसरट भांडी भरून ठेवली, तेव्हापासून नळ्या बऱ्याच वाचल्या.

पैशाचं थोडक्यात. फळबाग पाचव्या-सहाव्या वर्षापर्यंत घर चालवत नाही. इथं राज्याच्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेतून अनुदान तीन वर्षांत मिळतं, ५०, ३० आणि २० टक्के, पण झाडं जगली तरच. तुमच्याकडं काय आहे ते विचार. वहिनींची शिकवणीची नोकरी सुटू देऊ नका.

आता काम सांगतो. दर रविवारी सासऱ्यांच्या विहिरीत दोरी सोड आणि काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर वहीत लिही. रानात तीन ठिकाणी कंबरभर खड्डे खण, प्रत्येक थरातली ओंजळभर माती वेगळी ठेव, आणि पहिला मोठा पाऊस झाला की त्या खड्ड्यांतलं पाणी किती दिवसांनी उतरतं ते बघ. एप्रिलअखेरपर्यंतची विहिरीची मापं मला पाठव, म्हणजे तळं कुठं आणि किती खोल ते आपण मिळून ठरवू. झाडांचे खड्डे तोवर काढू नको.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. आई विचारतेय, तिकडच्या दमट हवेत कुरड्या टिकतात का? टिकत असतील तर चैत्रात करून पाठवते म्हणाली.

तुझा,
बालाजी