प्रशिक्षण एका तासिकेपुरते द्या

माननीय संपादक,

शाळाशाळांत प्रोजेक्टर पोचले, पण शिक्षकांचे प्रशिक्षण अजून ‘ॲपची ओळख’ इथेच अडते. शिक्षकाला हवा असतो उद्याचा पाठ. त्रिकोणाच्या कोनांची बेरीजच घ्या. जिओजेब्रा हे गणिताचे सॉफ्टवेअर शाळांना मोफत आहे, एकदा उतरवले की इंटरनेटशिवाय चालते. बहुभुजाच्या साधनाने त्रिकोण काढताना शिरोबिंदू घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने टिपायचे, मग कोनाचे साधन निवडून त्रिकोणाच्या आत क्लिक करायचे. तिन्ही आंतरकोन एकदम येतात. दिशा चुकली तर ६०° ऐवजी ३००° दिसतात आणि भर वर्गात शिक्षक गोंधळतो. दुसरी अडचण दशांशस्थळांची. मापे पूर्णांकांत दाखवली तर मुलांची बेरीज कधी १७९ येते, कधी १८१. म्हणून बेरीजही सॉफ्टवेअरलाच करायला सांगावी आणि हा फरक का पडतो, हे मुलांना विचारावे. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे शिरोबिंदू ओढून त्रिकोण बदलण्याआधी प्रत्येकाने वहीत बेरजेचा अंदाज लिहिलाच पाहिजे. त्याशिवाय मुले फक्त पडद्याकडे बघत राहतात.

पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोडचे ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक ॲपवरील साहित्य आदल्या दिवशीच उतरवून ठेवावे. वीज अचानक गेली की पंखा थांबून प्रोजेक्टरचा दिवा तापतो आणि लवकर जातो; त्यामुळे इन्व्हर्टर हवाच.

केंद्राच्या, म्हणजे परिसरातील शाळांच्या गटाच्या, प्रत्येक शिक्षण परिषदेत असा एकच पाठ घ्यावा, भाषणाऐवजी प्रत्येक शिक्षकाच्या हाती माउस देऊन.

— एक गणित शिक्षिका, सातारा