पिकअपचा क्लच बदलायचा आहे, सीलसकट आणि एकदाच

सप्रेम नमस्कार,

मंडळाची पिकअप सध्या उभी आहे. इंजिन ठणठणीत आहे. गेलाय तो क्लच, म्हणजे इंजिनाची ताकद गिअरबॉक्सला जोडणारा-सोडणारा भाग, आणि त्याच्या जोडीला इंजिन-गिअरबॉक्सच्या मधले ऑइल सील, म्हणजे तेल अडवणाऱ्या कड्या, गळायला लागलेत. हे काम वर्गणीतून आणि जमेल तिथे आपल्याच माणसांच्या हातून करून घ्यायचं समितीने ठरवलं आहे, म्हणून हे आवाहन.

गाडी कशाकशाला लागते हे वेगळं सांगायला नको. पाण्याची टाकी, शाळेचे बाक, कार्यक्रमाच्या खुर्च्या, आजारी माणसाचा पलंग, अतिवृष्टीत दोरखंड आणि ताडपत्र्या. ज्यांच्या दारात गाडी नाही त्यांचं सामान आजवर याच गाडीने हललं. आता ती उभी आहे म्हटल्यावर प्रत्येक वेळी कोणाची तरी गाडी मागून आणावी लागते, आणि मागून आणलेल्या गाडीत वाळू भरता येत नाही.

गाडी सुरू होते, चालतेही. मग उभी का केली, असं बऱ्याच जणांनी विचारलं. मोकळी असताना ती सरळ रस्त्यावर काहीच दाखवत नाही. लोड घेऊन वरच्या गिअरमध्ये चढ चढायला लागली की खरं रूप दिसतं: पाय दाबावा तसा इंजिनाचा आवाज चढतो, आरपीएमचा काटा वर जातो आणि वेग जागच्या जागी. पेडल पार वर आल्यावर कुठे क्लच पकडतो. मोठा चढ संपला की केबिनमध्ये जळका वास भरून राहतो. पेडलचा फ्री प्ले, म्हणजे क्लच सुटायला लागण्याआधीची मोकळी चाल, आधीच तपासून घेतला. तो बरोबर आहे, म्हणजे नुसत्या ॲडजस्टमेंटने सुटणारी ही गोष्ट नाही. असा स्लिप होणारा, म्हणजे पकड सोडून घसरणारा क्लच ओढत राहिलं तर क्लच प्लेटवरचं अस्तर झिजत रिव्हेटपर्यंत येतं. मग रिव्हेट फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनामागच्या ज्या जड चाकावर प्लेट दाबून बसते त्यावर, चर पाडतात, आणि उष्णतेने त्याचा पृष्ठभाग निळा पडून बारीक तडे जातात ते वेगळंच. प्लेट नवी मिळते, पण फ्लायव्हील तडकलं तर खर्चाची पायरीच बदलते. म्हणून चालती गाडी थांबवली.

आता सीलबद्दल, कारण खरा वाद तिथेच झाला.

गाडीखाली बेल हाउसिंगच्या, म्हणजे क्लचवरच्या घंटेसारख्या आवरणाच्या, तळाशी तेलाचे थेंब दिसत होते. ते कुठलं हे कळावं म्हणून रात्री खाली कोरा पुठ्ठा सरकवून ठेवला. सकाळी त्यावर एक काळा, पातळ, पसरलेला डाग होता आणि त्याच्या कडेला दुसरा, फिकट तपकिरी, बोटाला चिकट लागणारा. काळं ते इंजिन ऑइल. ते क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, मागच्या सीलमधून येतं. चिकट डागाला गंधकासारखा उग्र वास होता. हा वास गिअर ऑइलचा, आणि क्लचच्या बाजूने त्याची वाट गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या (क्लचकडून आत जाणाऱ्या दांड्याच्या) सीलमधून. कधी कधी वरच्या टॅपेट कव्हरच्या गॅस्केटमधून गळालेलं तेल इंजिनाच्या मागच्या अंगाने ओघळून इथेच येतं आणि बिचाऱ्या क्रँक सीलवर आळ येतो. तेही पाहिलं. वरची बाजू कोरडी आहे. पक्का निकाल गिअरबॉक्स उतरल्यावरच लागेल, पण दोन्ही सील संशयित आहेत एवढं नक्की.

बैठकीत एक मत असं आलं की आत्ता नुसती क्लच प्लेट टाकू, सीलचं पुढे बघू. हेतू पैसे वाचवण्याचा होता, त्यात चूक काही नाही. पण सील जिथे बसतात तिथे पोचायला तीच वाट आहे: मागच्या चाकांकडे ताकद नेणारा प्रॉपेलर शाफ्ट काढायचा, गिअरबॉक्सखालचा आडवा आधार म्हणजे क्रॉस मेंबर सोडायचा, गिअरबॉक्स मागे ओढून खाली घ्यायचा; क्रँक सीलसाठी क्लच आणि फ्लायव्हीलही उतरवायचं. सगळा घाम आणि मजुरी या उतरवण्या-चढवण्याची आहे. सील म्हणजे हातात मावणारी रबरी कडी, तिची किंमत या मजुरीपुढे काहीच नाही. शिवाय तेल प्लेटच्या अस्तरावर गेलं की नवी प्लेटही स्लिप होते किंवा गाडी उचलताना थरथरते. अस्तरात मुरलेलं तेल पुसून निघत नाही. सील तसेच ठेवले तर काही महिन्यांत पुन्हा गिअरबॉक्स खाली, आणि पुन्हा आम्ही हेच आवाहन घेऊन तुमच्या दारात. समितीने एकमताने सांगितलं: उघडतोय तर सगळं करून घ्यायचं.

तेव्हा हवंय ते असं. क्लच प्लेट, तिला फ्लायव्हीलवर दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि पेडल दाबल्यावर तो दाब सोडवणारं रिलीज बेअरिंग, तिन्ही एकाच संचातले. जुन्या प्रेशर प्लेटवर नवी क्लच प्लेट हा प्रकार नको. जुन्या प्रेशर प्लेटच्या डायफ्राम स्प्रिंगची ताकदही वयाने उतरलेली असते. फ्लायव्हीलच्या मध्यातलं पायलट बेअरिंग. क्रँकचा मागचा सील, इनपुट शाफ्टचा सील, आणि गिअरबॉक्सच्या शेपटीकडचा, प्रॉपेलर शाफ्ट जिथे आत जातो तिथला सील. फ्लायव्हीलचे नवे बोल्ट. मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचं गिअर ऑइल. इथे ‘जीएल-५ म्हणजे जीएल-४ पेक्षा भारी’ असं समजून कोणी डबा आणून देऊ नये, कारण काही जीएल-५ तेलांतली रसायनं गिअर अलगद पडायला मदत करणाऱ्या सिंक्रोनायझरच्या पितळी रिंगांना मानवत नाहीत. पेडलचा दाब क्लचपर्यंत पोचवायला ब्रेक फ्लुइड, डॉट ३ किंवा डॉट ४, पण सीलबंद डबा. हे द्रव हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यामुळे घरातला अर्धा वापरलेला डबा प्रेमाने दिलात तरी घेणार नाही.

सुटे भाग वस्तूरूपाने द्यायचे असतील तर आधी समितीकडून पार्ट नंबर घ्या. एकाच मॉडेलच्या पिकअपमध्ये इंजिन आणि सालाप्रमाणे प्लेटचा व्यास आणि शाफ्टवर बसणाऱ्या खाचांच्या (स्प्लाइनच्या) दातांची संख्या वेगळी असते. दिसायला सारखी प्लेट शाफ्टवर चढतच नाही. वापरलेले क्लच आणि सील कृपा करून आणू नका.

पैशांइतकीच गरज जागेची आणि हातांची आहे. पक्की, सपाट फरशी असलेलं शेड किंवा खड्डा असलेली जागा दोन-तीन दिवस लागेल. मातीवर जॅक लावून हे काम होऊ देणार नाही, हे आधीच स्पष्ट सांगतो. पिकअपचा नुसता गिअरबॉक्सच ४० किलोंच्या पुढे जातो. तो छातीवर तोलून धरणारे पहिलवान आपल्यात आहेत, पण त्यांची छाती आपल्याला शाबूत हवी आहे. गिअरबॉक्सचा जॅक, मजबूत स्टँड आणि बोल्ट ठरावीक जोराने आवळणारा टॉर्क पाना कोणाकडे असेल तर उसना द्यावा. लेथचं काम करणाऱ्या कोणी फ्लायव्हीलला फेसिंग मारून, म्हणजे पृष्ठभाग घासून सपाट करून दिलं तर ती मोठी वर्गणी समजू. किती घासायचं याची मर्यादा मॅन्युअलमध्ये दिलेली असते. ती ओलांडली जात असेल तर फ्लायव्हील बदलावं लागेल आणि तसं सगळ्यांना कळवू.

काम अनुभवी मेकॅनिकच्या देखरेखीखालीच होईल. तरुण मुलांनी शिकायला जरूर यावं. पाने देणं, बोल्ट ओळीने लावून ठेवणं, भाग धुणं हे त्यांचं. एक गोष्ट मात्र कोणी करायची नाही: बेल हाउसिंगमधली धूळ कॉम्प्रेसरने उडवणं. जुन्या क्लचच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि त्याची धूळ फुप्फुसात जाऊन बसते. ओल्या फडक्याने पुसायचं, तोंडाला चांगला मास्क.

सील बसवण्याचं काम पाहण्यासारखं आहे. नवा सील हातोडीने ठोकून बसवायचा नसतो. त्याच मापाच्या रिंगने चहूबाजूंनी सारखा दाबत न्यायचा, जुना जेवढा आत होता तेवढाच. पण क्रँकच्या गळ्यावर जुन्या सीलच्या ओठाने, म्हणजे शाफ्टला टेकणाऱ्या कडेने, चर पाडला असेल, नखाला लागेल इतका, तर नवा ओठ त्याच चरात बसून पुन्हा गळेल. अशा वेळी सील किंचित पुढे-मागे बसवतात किंवा शाफ्टवर दुरुस्तीची पातळ बाही चढवतात. या बाहीचा खर्च अंदाजात धरला आहे. लागली नाही तर तेवढे पैसे उरतील. साध्या रबरी ओठाला तेलाचं बोट लावून बसवतात. ओठ पीटीएफईचा (टेफ्लॉनचा) असेल तर मात्र बहुधा कोरडाच बसवायचा असतो, म्हणून सीलसोबत आलेली चिठ्ठी फेकू नका, मेकॅनिकच्या हातात द्या.

आणि गिअरबॉक्सचा ब्रीदर. वरच्या अंगाला एवढीशी नळी असते, चिखलाने बुजते. ती बुजली की तापलेल्या गिअरबॉक्समधला दाब बाहेर जायला वाट शोधतो आणि ती सीलमधून काढतो. इंजिनाच्या बाजूला क्रँककेसच्या हवेची नळी तुंबली तरी हेच. या दोन्ही साफ केल्याशिवाय नवे सील टाकणं म्हणजे येरे माझ्या मागल्या. याला वर्गणी लागत नाही, तार आणि फडकं लागतं.

वर्गणीचा हिशेब असा राहील. प्रत्येक रकमेची पावती मिळेल, रोख देणाऱ्यांनी ती घेतल्याशिवाय जाऊ नये. सुट्या भागांची बिलं आणि मजुरीची पावती मंडळाच्या फलकावर लागेल. काढलेले जुने भाग टेबलावर मांडून ठेवू, ज्याला शंका असेल त्याने हात लावून पाहावं. पैसे उरले तर ते गाडीच्या देखभाल खात्यातच राहतील, दुसरीकडे वळवणार नाही. ज्यांना पैसे देणं जमत नाही त्यांनी मनाला लावून घेऊ नये; काम चालू असताना आपली गाडी एखाद्या फेरीला दिलीत तरी फार झालं.

गाडी चालवणाऱ्यांसाठी थोडं, आणि हे जरा कडक आहे. काम झाल्यावर पहिले साधारण ८०० किलोमीटर गाडी जड लोडला मिळणार नाही. नवं अस्तर फ्लायव्हीलवर नीट बसायला तेवढा अवधी लागतो, त्यामुळे वाळू-विटांच्या मागण्या पुढे ढकलल्या जातील, मागणारा कोणीही असो. चढावर गाडी अर्ध्या क्लचवर तोलून धरायची नाही, हँडब्रेक त्यासाठीच दिला आहे. गिअर पडला की डावा पाय पेडलवरून खाली. नुसता टेकवलेला पायही रिलीज बेअरिंगला सतत फिरवत ठेवतो. क्षमतेपेक्षा जास्त माल भरलेला दिसला तर चालकाने किल्ली परत आणून द्यावी, समिती त्याच्या पाठीशी उभी राहील.

जागा, जॅक आणि लेथ यांची सोय झाली की कामाची तारीख फलकावर लावू. हे तिन्ही पैशांच्या आधी लागणार आहे, तेव्हा ज्यांच्याकडे आहे त्यांनी पहिल्यांदा कळवावं. वर्गणी आणि निरोप दोन्ही मंडळाच्या कार्यालयात, संध्याकाळी.

आपली,
व्यवस्थापन समिती