खुलं पत्र: बंद दारामागची हवा नक्की कुठल्या खात्याची?

माननीय गृहनिर्माण मंत्री महोदय,
सादर नमस्कार.

मी बांधकामाच्या मटेरियल टेस्टिंगमध्ये काम करतो, म्हणजे काँक्रीटचे नमुन्याचे ठोकळे, क्यूब, फोडायचे, सळई ताणून बघायची, स्लॅबमध्ये ओल किती राहिलीय ते मोजायचं, आणि गेली काही वर्षं नवीन घरांच्या आतली हवा मोजायचं कामही आमच्याकडे यायला लागलंय. पत्र लिहायचं कारण असं की इमारतींमध्ये सेन्सर सक्तीचे करा असं आता बरेच जण बोलतायत आणि ते व्हायलाच पाहिजे, माझा पूर्ण पाठिंबा आहे, पण त्याची चर्चा ज्या पद्धतीनं चाललीय ती ऐकून काळजी वाटते. काँक्रीटचे सेन्सर एका फायलीत आणि हवेचे दुसऱ्या. भिंत तुमच्या खात्याची, रस्त्यावरची हवा पर्यावरण खात्याची, आणि दार लावून घेतल्यावर आत जी हवा उरते, जिच्यात माणूस झोपतो, जिच्यात लहान मूल रांगतं, ती कोणाचीच नाही. भिंत आणि आतली हवा ही एकच गोष्ट आहे हे मी रोज बघतो, म्हणून तुम्हालाच लिहितोय.

आधी काँक्रीटचं सांगतो कारण तिथलं मला जास्त कळतं. स्लॅब भरताना आम्ही १५० मिमीचे क्यूब भरतो, पाण्याच्या टाकीत ठेवतो, २८ व्या दिवशी फोडतो, क्यूब पास झाला की स्लॅब पास असं सगळे धरून चालतात. पण क्यूब टाकीत ठरलेल्या तापमानाला बुडवून ठेवलेला असतो आणि स्लॅब तिकडं वर ऊन वारा थंडी खात पडलेला, त्याला पाणी किती वेळा मारलं आणि मारलं की नाही हे कोणी लिहून ठेवत नाही, म्हणजे तपासतो एक आणि राहतो दुसऱ्याच्या खाली. १९७८ मध्ये अमेरिकेत विलो आयलंडला एका कूलिंग टॉवरचं काम चालू होतं, आदल्या दिवशी भरलेलं काँक्रीट थंडीमुळं पुरेसं पक्कं झालेलं नव्हतं आणि त्याच्यावरच पुढच्या कामाचा भार आला, सगळी मचाण खाली आली, ५१ कामगार गेले. अशा अपघातांच्या तपासातूनच तिकडं मॅच्युरिटी पद्धतीवर नेटानं काम झालं आणि १९८७ मध्ये तिचं स्टँडर्ड निघालं. पद्धत साधी आहे, भरायच्या आधी सळईला तापमानाचा छोटा सेन्सर बांधायचा, काँक्रीट किती तास किती तापमानाला होतं त्याचा हिशोब ठेवायचा, आणि त्यावरून त्या जागेच्या काँक्रीटमध्ये आज ताकद किती आलीय याचा अंदाज काढून मगच शटरिंग, म्हणजे आधाराचा साचा, काढायचं. यात एक मेख आहे तीही सांगून ठेवतो. ज्या मिक्ससाठी तापमान-वेळ आणि ताकद यांचा आलेख आधी तयार केला तोच मिक्स गाडीतून आला पाहिजे. साइटवर कोणी जास्तीचं पाणी ओतलं, किंवा व्हायब्रेटर नीट फिरवला नाही, तर सेन्सरला ते कळत नाही, तो आपला तापमान सांगत राहतो. म्हणून सेन्सर आला की क्यूब बंद, असं कोणी तुम्हाला सुचवलं तर कृपा करून ऐकू नका.

इमारत उभी राहिल्यावर गोष्ट पाण्याची असते. चांगल्या काँक्रीटचा पीएच, म्हणजे अल्कलीपणाचा आकडा, १२-१३ च्या आसपास, त्यात सळईवर एक पातळ थर तयार होतो आणि तो गंज धरू देत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत शिरतो, पीएच ९ च्या खाली उतरतो, किंवा क्षार आत पोचतात, आणि तिथं ओल मिळाली की सळई गंजायला लागते. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा लागते, ती जागा तो कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, फोडून घेतो. छताचे पोपडे पडताना दिसतात तोवर आत बरीच वर्षं काम झालेलं असतं. हेच आधी कळावं म्हणून सळईजवळ इलेक्ट्रोड बसवता येतात, काँक्रीटचा विद्युत रोध मोजता येतो, आतली आर्द्रता मोजता येते. कॉपर सल्फेट इलेक्ट्रोडच्या तुलनेत सळईचा व्होल्टेज मोजतात, रीडिंग उणे ३५० मिलिव्होल्टच्या खाली गेलं की गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांच्या वर धरतात. पण सतत पाण्यात बुडालेल्या काँक्रीटमध्ये ऑक्सिजन पोचत नाही म्हणून गंज नसतानाही असंच रीडिंग येतं, म्हणजे आकडा वाचायला माहितगार माणूस लागतोच.

आणि आता त्याच ओलीबद्दल, कारण हवेची फाइल इथंच चालू होते. नवीन स्लॅबमध्ये घातलेलं सगळं पाणी सिमेंटला लागत नाही, उरलेलं हळूहळू बाहेर पडतं, एक इंच जाडीला साधारण एक महिना असा साइटवरचा ढोबळ हिशोब आहे आणि प्रत्यक्षात जास्तही लागतो. घाई असते म्हणून त्या ओल्या स्लॅबवर लाकडी फ्लोअरिंग चिकटवतात, कपाटं बसवतात, रंग मारतात, आणि ते पाणी अडकून बसतं. कुठल्याही पृष्ठभागाजवळ आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर टिकली की बुरशीला तेवढं पुरतं. त्यात हल्ली खिडक्या एकदम घट्ट बसणाऱ्या असतात, एसीचं बिल वाचावं म्हणून, आणि बरोबरच आहे ते, पण मग आतलं काही बाहेर जायला वाटच नाही.

हे मी घरातच बघितलंय. माझ्या बहिणीनं नवीन घर घेतलं, पहिल्या दोन महिन्यांतच तिच्या मुलाला रात्री खोकला सुरू झाला, डोळे चुरचुरायचे, तक्रार केली तर उत्तर मिळालं की नव्या घराचा वास आहे, जाईल हळूहळू. मी माझी यंत्रं घेऊन गेलो. बेडरूमच्या स्लॅबमध्ये भोक पाडून आर्द्रता मोजणारा प्रोब बसवला, एका बाजूनं सुकणाऱ्या स्लॅबला जाडीच्या ४० टक्के खोलीवर बसवतात तसा, आणि तो ९२ टक्के आर्द्रता दाखवत होता. फ्लोअरिंगची एक पट्टी उचलली तर खालून काळी. तिनं तीन ठिकाणी पत्रं दिली. एका ऑफिसनं सांगितलं स्ट्रक्चर सेफ आहे म्हणजे आमचा विषय संपला, दुसऱ्यानं सांगितलं आम्ही बाहेरची हवा बघतो, तिसऱ्याकडून उत्तरच नाही. मुलगा खोकतच होता.

कपाटांचंही तेच. पार्टिकल बोर्ड, एमडीएफ, बरंचसं प्लायवूड युरिया फॉर्मल्डिहाइडच्या गोंदानं चिकटवलेलं असतं, आणि हवा गरम आणि दमट झाली की त्यातून फॉर्मल्डिहाइड जास्त सुटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मध्येच त्याला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलंय, आणि घरातल्या हवेत अर्ध्या तासाची सरासरी घनमीटरला ०.१ मिलीग्रॅमच्या वर जाऊ नये असं संघटनेचं मार्गदर्शन आहे. २००५ मध्ये अमेरिकेत कतरिना वादळ झालं तेव्हा बेघर लोकांना सरकारनं ट्रेलर घरं दिली, लोक आजारी पडायला लागले, नंतर ५१९ घरांची हवा तपासली तर सरासरी ७७ पीपीबी, म्हणजे हवेच्या अब्ज भागांत ७७ भाग, फॉर्मल्डिहाइड निघाला, साध्या घरांपेक्षा कितीतरी जास्त. वादळातून वाचलेली माणसं सरकारनंच दिलेल्या घरात आजारी पडली हो. २०१० मध्ये तिकडं बोर्डांवर मर्यादा घालणारा कायदा झाला, तो आधी झाला असता तर.

आता सेन्सरबद्दल खरं काय ते बोलतो, कारण टेंडर निघेल तेव्हा तुमच्यासमोर चकचकीत स्क्रीन येतील. स्वस्तातला व्हीओसी, म्हणजे हवेत उडणारी रसायनं मोजणारा, सेन्सर फॉर्मल्डिहाइड आणि फरशी पुसायच्या लिक्विडची वाफ यात फरक करू शकत नाही, सॅनिटायझर उघडलं तरी काटा वर जातो. धूळ मोजणारे लेझरवाले सेन्सर दमट हवेत पाण्यानं फुगलेल्या कणांना पण मोठी धूळ समजून आकडा वाढवतात, आणि साधारण ०.३ मायक्रॉनच्या खालचे कण त्यांना दिसतच नाहीत. काही डबे कार्बन डायऑक्साइड मोजतो म्हणून विकले जातात आणि आत तो मोजणारा सेन्सरच नसतो, व्हीओसीवरून अंदाज बांधून आकडा दाखवतात. खरा एनडीआयआर, म्हणजे इन्फ्रारेड प्रकाशानं कार्बन डायऑक्साइड मोजणारा, सेन्सर असला तरी बऱ्याच मॉडेलमध्ये आठवडाभरातलं सगळ्यात कमी रीडिंग म्हणजे बाहेरची ताजी हवा, ४०० पीपीएम (दहा लाखात ४०० भाग), असं धरून तो स्वतःला सेट करून घेतो. ज्या खोलीत चोवीस तास माणसं आहेत आणि खिडकी कधी उघडत नाही, हॉस्पिटलचा वॉर्ड घ्या किंवा हॉस्टेल घ्या, तिथं तो हळूहळू खोटं बोलायला लागतो, आणि जिथं हवा सगळ्यात वाईट तिथंच स्क्रीन हिरवी दिसते. मला या सगळ्यात जास्त भीती या हिरव्या स्क्रीनची वाटते. सेन्सर नसेल तर माणूस निदान नाकावर विश्वास ठेवतो, खिडकी उघडतो.

म्हणून टेंडरमध्ये नुसती संख्या लिहू नका की इतके हजार सेन्सर. काय मोजणार, कुठल्या तत्त्वावर मोजणार, चांगल्या यंत्राशेजारी ठेवून किती महिन्यांनी जुळवून बघणार, खराब झाला तर बदलणार कोण, हे लिहा. काँक्रीटमध्ये पुरलेला सेन्सर परत काढता येत नाही, त्याची बॅटरी संपली की तो गेलाच, तर तिथं वायर बाहेर आणून ठेवणं बरं. आणि बसवणारी कंपनी आणि तपासणारी लॅब वेगळी पाहिजे, यावर तडजोड नको.

आपण जे शोधतच नाही ते सापडत नाही, याचं एक उदाहरण मला कायम आठवतं. १९८४ च्या डिसेंबरमध्ये पेनसिल्व्हेनियात एका अणुवीज केंद्रावर काम करणाऱ्या इंजिनियरमुळं रेडिएशन डिटेक्टरचा अलार्म वाजायला लागला, आणि केंद्र तर अजून सुरूच झालं नव्हतं. तपास केल्यावर कळलं की किरणोत्सर्ग तो घरून अंगावर घेऊन येत होता, त्याच्या घरात जमिनीतून रेडॉन वायू येऊन साठला होता. रेडॉनला वास नाही रंग नाही, सिगारेटच्या खालोखाल फुप्फुसाच्या कॅन्सरचं ते मोठं कारण आहे, जमिनीतून येतो आणि काही प्रकारच्या दगडातून, बांधकामाच्या मटेरियलमधूनही थोडा सुटतो. डिटेक्टर कामाच्या जागी होता म्हणून घर सापडलं. त्या घरात बायको मुलं दिवसभर राहत होती.

सेन्सरचा आकडा कोणाचा हाही प्रश्न कायद्यातच सोडवा. कार्बन डायऑक्साइडच्या आलेखावरून घरात माणसं कधी आहेत, किती आहेत, कधी झोपतात हे सरळ वाचता येतं. ती माहिती बिल्डरच्या किंवा ॲपवाल्याच्या सर्व्हरवर जाऊन बसायचं काही कारण नाही. घरातल्या हवेचा आकडा राहणाऱ्याचा, आणि सळई-स्लॅब-बीमचा आकडा इमारतीतल्या प्रत्येकाचा, तो कोणाही रहिवाशाला मागितल्याशिवाय दिसला पाहिजे.

आणि आकडा दिसल्यावर पुढं काय? २०२१ मध्ये फ्लोरिडात सर्फसाइडला बारा मजली इमारत रात्री पडली, ९८ माणसं गेली. पडण्याचं नेमकं कारण हा तपासाचा भाग आहे, पण २०१८ च्या इंजिनियरच्या रिपोर्टमध्ये स्विमिंग पूलच्या डेकखालचं वॉटरप्रूफिंग फेल झालंय आणि खालच्या काँक्रीटचं मोठं नुकसान झालंय हे स्पष्ट लिहिलेलं होतं. कागद होता, वाचलेलाही होता, कामाला मुदत नव्हती. उलट इंग्लंडमध्ये रॉचडेलला २०२० मध्ये बुरशीच्या घरात दोन वर्षांचं मूल गेल्यावर त्या मुलाच्या नावानं कायदा झाला, २०२५ च्या ऑक्टोबरपासून तिथं सामाजिक घरांच्या, म्हणजे कमी भाड्यात दिलेल्या सार्वजनिक घरांच्या, मालकांना तातडीच्या धोक्यावर २४ तासांत आणि गंभीर ओल-बुरशीच्या तक्रारीवर १० कामाच्या दिवसांत तपास करावाच लागतो. मला सेन्सरपेक्षाही हे दिवस मोजून देणं जास्त महत्त्वाचं वाटतं. अमुक रीडिंग आलं की इतक्या दिवसांत अमुक माणूस दारात उभा राहील, एवढं एक वाक्य तुमच्या नियमात आलं तर निम्मं काम होईल.

तोपर्यंत एक गोष्ट लगेच करता येण्यासारखी आहे. घराचा ताबा देण्याआधी, कपाटं-फ्लोअरिंग बसल्यानंतर, दारं-खिडक्या रात्रभर बंद ठेवून फॉर्मल्डिहाइड आणि आर्द्रता मोजायची, स्लॅबची ओल मोजायची, आणि तो कागद ताब्याच्या कागदांसोबत द्यायचा. रेडॉनला मात्र जास्त दिवस लागतात, त्याचा डिटेक्टर निदान तीन महिने तरी ठेवावा, तो घर राहतं झाल्यावर ठेवा. आमच्यासारख्या लॅबकडे हे करायची साधनं आहेत आणि कामाला माणसंही आहेत.

बहिणीनं शेवटी स्वतःच्या खर्चानं फ्लोअरिंग उखडलं, खोली रिकामी केली, पंखे लावून ठेवलेत. प्रोब मी काढला नाही. ती रोज रात्री आकडा मला मेसेज करते, काल ८४ होता. मुलगा सध्या आजीकडे झोपतो. हे घर कुठल्या खात्यानं बघायचं, एवढं आधी ठरवून द्या.

आपला,
मटेरियल टेस्टिंगमधला एक इंजिनियर